ग्रीनच्या कडेला चार फटके का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्केट यार्डातला गुळाचा व्यवसाय मुलाकडे सोपवून तुम्ही वयाच्या ५२व्या वर्षी गोल्फ धरला. महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन १८ होल खेळता. पार चारच्या (चार फटक्यांत संपवायच्या) होलवर दोन-तीन फटक्यांत ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, पोचता, आणि मग दहा पावलांवरून चार फटके जातात. कधी चेंडू टॉप होऊन, म्हणजे क्लबची नुसती धार लागून, ग्रीन ओलांडून पलीकडे, तर कधी क्लब मागेच मातीत रुततो आणि चेंडू हातभर पुढे. ६० अंशांची नवी वेज (तिरप्या तोंडाचा क्लब) घेतली, फरक पडला नाही. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) एका फटक्यात बाहेर निघणं होत नाही. कोल्हापुरात राहून, रोज कोर्सवर न जाता, हे सुधारेल का?

सुधारेल. गोल्फमधला हाच भाग असा आहे की जो कोर्सशिवाय शिकता येतो. ड्रायव्हरला, म्हणजे लांब मारायच्या क्लबला, अडीचशे यार्डांचं मोकळं रान लागतं. ग्रीनभोवतीच्या खेळाला दोन गुंठे पुरतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. दोन गुंठे सलग धरले तर २२ यार्ड लांबी मिळते. वडणग्याच्या शेतात घरामागे मोकळी जागा आहे असं तुम्ही लिहिलंय. ती पुरेशी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

मी चौदाव्या वर्षी पुण्यात कॅडी म्हणून पहिली बॅग उचलली. आता शिकवतो, घर कोल्हापुरात आहे. इतक्या वर्षांत एक वाक्य हजारदा ऐकलं: शॉर्ट गेम (ग्रीनभोवतीचा खेळ) जमला की गोल्फ जमला. ते सगळ्यांना लागू नाही. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांचा हिशेब मांडून दाखवलंय की खेळाडूंमधला साधारण दोन-तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो. ज्याचा चेंडू टीवरूनच, म्हणजे होलच्या पहिल्याच फटक्याला, झाडीत जातो त्याला मी चिप (ग्रीनजवळून मारायचा लहान, घरंगळता फटका) शिकवत बसत नाही. पण तुमची गळती कुठे आहे ते तुम्हीच सांगितलंय. दहा पावलांवरून चार फटके, आणि असं फेरीत सात-आठ वेळा. इथे तीनवर आलात तरी फेरीमागे सात-आठ फटके वाचले. एवढे फटके तुमच्या ड्रायव्हरमधून वर्षभरात निघायचे नाहीत.

आता दुखणं. टॉप आणि मागची माती, हे तुम्ही दोन दोष म्हणून लिहिलेत. दोष एकच आहे. तुम्ही चेंडू उचलायला जाता.

झोपाळा डोळ्यांसमोर आणा. त्याचा सगळ्यात खालचा बिंदू दोरी जिथे बांधलीय त्याच्या बरोबर खाली येतो. कडी मागे सरकवली की खालचा बिंदूही मागे सरकतो. तुमच्या स्विंगमध्ये ती कडी म्हणजे तुमची छाती आणि डावा खांदा (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतो). चेंडू हवेत गेला पाहिजे या काळजीने तुम्ही फटक्याच्या वेळी उजव्या पायावर मागे झुकता आणि मनगटं पुढे फेकता. कडी मागे गेली. आता क्लब चेंडूच्या मागेच तळ गाठतो. तिथे माती लागली तर डफ. माती चुकली तर क्लब वर येता येता त्याची पुढची धार चेंडूच्या पोटात बसते, आणि तो टॉप. म्हणूनच एकदा डफ झाला की पुढचा फटका बहुतेक टॉप होतो: माती लागू नये म्हणून माणूस अंग वर खेचतो, आणि कडी तिथेच, मागे राहते.

चेंडू उचलायचं काम लॉफ्टचं आहे. वेजच्या तोंडाला ५६ अंशांचा उतार दिलाय तो त्यासाठीच. तुम्ही फक्त क्लब चेंडूपर्यंत खाली येऊ द्यायचा.

उभं राहणं असं. पाय जवळ, दोन टाचांमध्ये वीतभर अंतर. वजन सुरुवातीपासूनच डाव्या पायावर, दहापैकी सहा-सात भाग, आणि फटका संपेपर्यंत तिथेच. शर्टाची बटणं चेंडूच्या किंचित पुढे, म्हणजे होलच्या बाजूला. चेंडू दोन पायांच्या मध्ये किंवा बोटभर मागे. हात चेंडूच्या थोडे पुढे, थोडेच. पुस्तकं वाचून लोक हात एवढे पुढे नेतात की क्लबची धार कुदळीसारखी होते, आणि पावसाळ्यातल्या ओल्या जमिनीत ती कुदळीसारखीच शिरते. क्लब आखूड धरा. मग खांद्यांनी झोका द्या, मनगटं जवळजवळ गप्प. मागे जेवढा तेवढाच पुढे. तुम्ही बहुतेक मागे मोठा झोका घेता आणि चेंडूजवळ आल्यावर घाबरून ब्रेक मारता. मागचा झोका लहान ठेवलात तर ब्रेक मारायची वेळच येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. पंचाची घडी करून चेंडूच्या वीतभर मागे ठेवा आणि चिप मारा. क्लब पंचाला लागला तर छाती मागे गेली. रोज वीस फटके, आठवडाभर. दुसरं काही करू नका.

इथपर्यंत झालं हातपायांचं. पण ज्यांना मी सुधारताना पाहिलं ते खरे सुधारले ते पुढच्या गोष्टीने, आणि या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: होलकडे बघून मारू नका, चेंडू कुठे पडणार त्या जागेकडे बघून मारा.

लहानपणी गोट्या खेळलात ना? लांबची गोटी टिपताना आपण हाताकडे बघत नव्हतो, बोट किती ताणायचं याचा हिशेबही करत नव्हतो. नजर जागेवर, बाकी सगळं बोटाला कळायचं. चिपमध्ये तेच हवं. ग्रीनजवळ आलात की क्लब बॅगेत राहू द्या. चेंडूमागे उभे राहून विचार करा, हा चेंडू हाताने, खालून टाकायचा असता तर कुठे टाकला असता म्हणजे घरंगळत होलपाशी गेला असता? तुम्हाला लगेच दिसेल. प्रत्येकाला दिसतं, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या मुलालाही. ती जागा शक्यतो ग्रीनवर, कडेपासून एक पाऊल आत आणि सपाट असावी. ग्रीनबाहेरच्या गवतात पडलेला चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसतो.

जागा ठरली की क्लब आपोआप ठरतो. त्यासाठी जुन्या खेळाडूंचा बाराचा हिशेब आहे. चेंडूपासून पडायच्या जागेपर्यंत पावलं मोजा, तिथून होलपर्यंत मोजा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा आणि उत्तर बारातून वजा करा. समजा चेंडू ग्रीनबाहेर दोन पावलं आहे, जागा ग्रीनच्या आत एक पाऊल, म्हणजे हवेतून तीन पावलं. पुढे होलपर्यंत नऊ. नऊ भागिले तीन, तीन. बारातून तीन गेले, नऊ. नऊ नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब) घ्या. तीच जागा आणि होल पुढे पंधरा पावलांवर असेल तर सात नंबर. पिचिंग वेजला दहा धरा, ती उडते त्याच्या दुप्पट पळते; सँड वेज जेवढी उडते साधारण तेवढीच पळते. चढ असेल तर एक नंबर खालचा क्लब, म्हणजे आठच्या जागी सात. उतार असेल तर एक वरचा. आजकालची आयर्न पूर्वीपेक्षा कमी लॉफ्टची असतात, त्यामुळे चेंडू थोडा जास्त पळेल; आणि ग्रीनवरचं गवत वाढलेलं असेल तर कमी. दहा-बारा चिप मारून आपल्या क्लबांचे आकडे आपणच वहीत लिहून काढा. तुम्ही सौद्यात उभं राहून गुळाच्या ढेपेचा भाव नजरेने काढलेला माणूस आहात, हा हिशेब तुम्हाला जड नाही.

यात झोका जवळजवळ तोच राहतो, क्लब बदलतो. म्हणून तो टिकतो. एकाच ६० अंशांच्या वेजने सगळं करायला गेलं की प्रत्येक वेळी नवा झोका शोधावा लागतो.

त्या वेजबद्दल स्पष्ट सांगतो. ती सहा महिने कपाटात ठेवा. तिचा लॉफ्ट इतका आहे की जोर लावला तरी चेंडू पुढे न जाता वर जातो, म्हणून साध्या फटक्यालाही मोठा झोका लागतो, आणि मोठ्या झोक्यात चूकही मोठी होते. दुकानात मारून बघताना चटईवर सगळं छान वाटतं, कारण चटईवर क्लब मागे लागला तरी घसरून पुढे जातो. माती तसं करू देत नाही. स्पेनचे गोल्फपटू सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने सगळे फटके शिकले आणि पुढे पाच मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकले. क्लब कमी असला की हात शिकतात.

क्लबच्या तळाकडे मात्र नीट बघा. वेज उलटी धरली की तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली आलेला दिसतो. याला बाऊन्स म्हणतात आणि तोही अंशांत मोजतात. चार-सहा अंश म्हणजे कमी, दहाच्या वर म्हणजे जास्त. अमेरिकेचे गोल्फपटू जीन साराझेन यांनी १९३१च्या सुमारास आपल्या क्लबच्या तळाला डाग देऊन तो असा जाड केला, आणि १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. तळ फुगीर असला की क्लब रुतण्याऐवजी घसरतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत जमीन लोण्यासारखी असते, तेव्हा दहा-बारा अंश बाऊन्सची ५६ अंशांची वेज तुम्हाला सांभाळून घेते. तीच एप्रिल-मेच्या कडक, उघड्या जमिनीवर तळ आपटून उसळते आणि चेंडू टॉप होतो. उन्हाळ्यात अशा जागी वेज काढूच नका. नऊ नंबर घ्या, क्लबची टाच थोडी उचला, क्लब पटरसारखा (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबासारखा) उभा धरा आणि पटरच्याच झोक्याने मारा. फटका दिसायला साधा आहे, पण डफ होणं जवळजवळ अशक्य.

आणि ग्रीनबाहेरचं गवत बारीक कापलेलं असेल, मध्ये स्प्रिंकलर वगैरे काही नसेल, तर सरळ पटर वापरा. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांना त्यात कमीपणा वाटतो. वाटू देऊ नका. वाईट पटसुद्धा सरासरी चिपइतका जवळ जातो.

गवताची एक गोष्ट आपल्या लोकांना सांगावी लागत नाही, फक्त नाव सांगावं लागतं. कोर्सवर ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि उसातून काढता काढता जीव जातो तीच. ग्रीनवर तिच्या बारीक संकरित जाती लावतात. हरळी कशी वाढते ते तुम्ही आयुष्यभर पाहिलंय: उभी न वाढता एका अंगाला पसरत जाते. ग्रीनवरही तिचा कल असतो. चेंडूमागे उभं राहिल्यावर गवत चमकदार, फिकं दिसलं तर कल तुमच्यापासून दूर, म्हणजे चेंडू जास्त पळणार. गर्द, काळपट दिसलं तर कल तुमच्याकडे, चेंडू अडणार. होलच्या काठाकडे बघा. एका बाजूचं गवत झडल्यासारखं, विस्कटलेलं दिसतं, कल त्या बाजूला आहे. आणि चिप मारताना कल तुमच्याकडे असेल तर क्लबची धार पात्यांत अडकते. तिथे वजनाचा आणि छातीचा नियम दुप्पट पाळा, किंवा पटर घ्या.

पिचबद्दल फार लिहीत नाही. वीस-तीस यार्डांचा, मध्ये बंकर असलेला फटका तुम्हाला फेरीत दोन-तीनदाच लागतो. उभं राहणं चिपसारखंच, पाय थोडे लांब, चेंडू मध्यावर, हात चेंडूच्या अगदी वर, मनगटं सैल, आणि छाती फटक्यासोबत होलकडे वळू द्या. सुरुवातीला फ्लॅगच्या जवळ जायचा हट्ट धरू नका, ग्रीनच्या मधोमध टाका.

बंकर. इथे तुम्ही अडकता कारण चेंडूला मारायला बघता. ग्रीनजवळच्या बंकरमध्ये चेंडूला क्लब लागतच नाही, लागते वाळू. चेंडूच्या दोन इंच मागे क्लब वाळूत उतरवायचा आणि चेंडूच्या पुढे दोन-तीन इंचांवर बाहेर काढायचा. मधल्या वाळूबरोबर चेंडू बाहेर येतो. ५६ अंशांची वेज आधी उघडा, म्हणजे तिचं तोंड आकाशाकडे वळवा, मग पकडा. पकडून मनगटं फिरवलीत तर ती फटक्याच्या वेळी पुन्हा बंद होते. पाय वाळूत थोडे रोवा, वजन डावीकडे, चेंडू डाव्या टाचेच्या समोर. आणि जोर लावा. दहा यार्डांच्या बंकर फटक्याला गवतावरच्या तीस यार्डांचा झोका लागतो, कारण अर्धीअधिक ताकद वाळू खाते. शिष्यांना मी वाळूत एक रेघ मारून देतो आणि चेंडू न ठेवता ती रेघ उडवायला सांगतो. पन्नास वेळा रेघ उडाली की मग चेंडू. पन्नास रेघा उडवणारा बंकरमध्ये अडकून राहत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

पावसाने दडपलेली ओली वाळू वेगळी. तिच्यावर बाऊन्स उसळतो, म्हणून क्लब कमी उघडा. चेंडू वेगात निघतो हे धरून चाला. अर्धा रुतलेला चेंडू असेल तर क्लब सरळ ठेवा, वरून खाली मारा आणि तो पळणार हे मान्य करून ग्रीनचा मोठा भाग पुढ्यात घ्या. फटक्याआधी चेंडूच्या लगतच्या वाळूला क्लब टेकवू नका, मागे नेतानाही लागू देऊ नका, दंड आहे. बंकरमधली पानं, काटक्या, खडे मात्र २०१९च्या नियमांपासून उचलता येतात, फक्त तसं करताना चेंडू हलता कामा नये. पावसाळ्यात बंकरबाहेर चेंडू आपल्याच आघाताने मातीत रुतला तर विनादंड काढून ड्रॉप घेता, म्हणजे जवळच टाकून खेळता, येतो. हा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि ते चिखलातून मारत बसतात.

पटिंग तुम्ही विचारलं नाहीत, पण चिपचं मोल पटवरच ठरतं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा साधारण ४३. म्हणजे अडीच चेंडूंची वाट. अमेरिकी टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांतले) खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट टाकतात. म्हणून चिप आठ फुटांवर थांबला की लोक हळहळतात ते बरोबर आहे. तो तीन फुटांवर यायला हवा होता. आणि तीन फुटांवरचा चुकायला नको. रोज होलभोवती तीन फुटांवर आठ चेंडू मांडा आणि आठही सलग पडेपर्यंत उठू नका.

आता वडणग्याची जागा. हरळी तिथे आयती असणार. पाच-सहा यार्डांचा एक गोल लॉन मोव्हरने जितका खाली जाईल तितका कापा, पाणी मारून रोलर फिरवा, आठवड्यातून दोनदा पुन्हा कापा. होलसाठी हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चार इंच कापून पुरा. आतून तो खऱ्या होलपेक्षा किंचित लहान भरतो, सरावाला बरंच. कडेला दहा फूट बाय सहा फुटांचा, फूटभर खोल खड्डा खणून प्लास्टरची चाळलेली वाळू भरा. तालमीत हौदाची माती रोज खणून मोकळी करतात, तशीच वाळू फावड्याने मोकळी करून मगच उतरा. हे ग्रीन उंचसखल आणि संथ असेल. तिथे चेंडू किती पळतो ते शिकायला जाऊ नका, ठरल्या जागी पडतो का तेवढं शिका. पंचा जमिनीवर पसरून त्यावर टाका, आधी पाच पावलांवरून, मग दहा. पळणं पुण्याच्या ग्रीनवर कळेल. फेरीआधी वीस मिनिटं लवकर पोचून प्रॅक्टिस ग्रीनवर तीन क्लबांनी चिप मारून बघा.

आठवड्यातले चार दिवस असा सराव, आणि दोन दिवस हा खेळ. एकच चेंडू घ्या. गोलाभोवती नऊ वेगवेगळ्या जागी तो टाका, काही चांगल्या, काही वाईट. प्रत्येक जागेवरून एक चिप आणि मग होल होईपर्यंत पट. प्रत्येक जागेचा पार दोन, नऊ जागांचे १८. वीस चेंडूंची बादली ओतून एकाच जागेवरून मारत बसलं की सातव्या-आठव्या चेंडूपासून सगळे छान जातात आणि शिकल्यासारखं वाटतं. कोर्सवर मात्र पहिलाच चेंडू मोजतात. सुरुवातीला तुमचे तीसच्या आसपास होतील. तारीख घालून वहीत लिहा.

कोलकात्याच्या रॉयल क्लबमध्ये, १८२९ सालच्या त्या जुन्या क्लबात, माळ्याचा मुलगा असलेला एसएसपी चौरासिया वाढला. टीवरून तो कधीच लांब मारणाऱ्यांपैकी नव्हता. ग्रीनभोवतीच्या हातांमुळे त्याला चिपपटसिया म्हणू लागले, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन त्याने जिंकली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तीही मैदानातल्या सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांतली एक असून. या वयात तुमच्या ड्रायव्हरला तीस यार्ड वाढतील असं मी सांगणार नाही. या दोघांच्या फटक्यांची चित्रं मिळतील ती बघा, विशेषतः चौरासियाची मनगटं.

तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न राहिला: चिप मारताना फ्लॅग काढू का? ठेवा. काठी सरळ उभी असेल तर वेगात आलेला चेंडू तिला लागून होलजवळ थांबतो. २०१९पासून ग्रीनवरून पट करतानाही काठी होलमध्ये ठेवलेली चालते. वाऱ्याने ती तुमच्याकडे कलली असेल आणि चेंडू आत जायला फट उरत नसेल, तेव्हाच काढा. नऊ जागांचा आकडा लागोपाठ तीन वेळा २४च्या खाली आला की वही घेऊन या, मग ६० अंशांची वेज कपाटातून काढू.